लंडनच्या मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये आईला न्यायचंय, तिथे कपड्याला हात लावून पाहू देतात का?

महालची_लेक

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहून राहिली पण पूर्ण सांगितल्याशिवाय प्रश्न समजणार नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात लहान भावाचं कॉन्व्होकेशन आहे इंग्लंडमध्ये, मी आणि आई जाणार आहोत, आणि परतायच्या आधी लंडनमध्ये तीन दिवस आहेत. भावानं फोनवर विचारलं की आई तुला काय पाहायचंय, त्याला वाटलं ती राजवाडा म्हणेल नाहीतर नदीकाठचं ते मोठं चाक म्हणेल. आईनं एका सेकंदात सांगितलं, मला तिथलं सगळ्यात मोठं कपड्याचं दुकान पाहायचं आहे, घ्यायचं काही नाही, फक्त पाहायचं.

आई ६६ वर्षांची आहे. नागपुरात बडकस चौकाच्या मागे आमचं घर, तिथे समोरच्या खोलीत तिनं ३८ वर्षं शिलाई केली. ब्लाउज, परकर, शाळेचे युनिफॉर्म, लग्नसराईत तर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालू असायची आणि आम्ही त्या आवाजातच झोपायचो. आता डोळे थकले म्हणून बाहेरचं काम बंद केलं, पण सवय गेली नाही. कोणताही कपडा हातात आला की ती आधी उलटा करते. शिवण पाहते, अस्तर कसं लावलं ते पाहते, काजावरून अंगठ्याचं नख फिरवते, आणि मग आत माया, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं जादा कापड, किती सोडली ते दोन बोटांनी मोजते. त्यानंतर रंग, त्यानंतर किंमत. कापड घ्यायला आम्ही लहानपणापासून गांधीबागेत जायचो, तिथे गादीवर बसायचं, शेठ समोर ठाण उघडून टाकायचे, आई कापड मुठीत चुरगाळून सोडायची आणि सुरकुती किती राहते ते पाहायची. कोणी काही म्हणत नव्हतं, उलट चहा यायचा.

आता मुद्दा. दिवाळीच्या आधी मी तिला आपल्याकडच्याच एका मोठ्या शोरूममध्ये घेऊन गेली, नाव नाही लिहीत. तिनं एक जॅकेट उलटं केलं तर तिथली मुलगी लांबूनच ओरडली, मावशी घ्यायचं नसेल तर हात नका लावू. सगळे वळून पाहायला लागले. आईनं जॅकेट जसंच्या तसं हँगरला लावलं, वरचं बटण लावलं, आणि बाहेर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. घरी येऊन म्हणाली, त्या जॅकेटचं अस्तर तिरपं लागलं होतं, दोन धुण्यात ओढलं जाईल, मी तिला तेच सांगणार होती.

म्हणून विचारते. हॅरॉड्स, सेल्फ्रिजेस वगैरे ठिकाणी नुसतं पाहायला गेलं तर चालते का? हात लावू देतात का? जानेवारीत सेलची गर्दी असते म्हणतात तर म्हाताऱ्या माणसाला घेऊन जावं की नाही? आणि आमच्या बजेटमध्ये आईसाठी आठवण म्हणून काय घेता येईल? परतीच्या वेळी एअरपोर्टवर टॅक्स परत भेटतो असं भाऊ म्हणत होता, ते खरं आहे का?

हौन्स्लोची_वहिनी

ताई, मी मूळची प्रतापनगरची, इथे अकरा वर्षं झाली. तुमचं वाचून आधी माझ्या सासूबाई आठवल्या, त्या पण अशाच कपडा उलटा करणाऱ्या. त्यांना घेऊन मी सगळी दुकानं फिरली आहे म्हणून अनुभवाचं सांगते.

पहिलं उत्तर, हो, बिनधास्त हात लावा. कपडे मोकळे टांगलेले असतात ते पाहण्यासाठीच. महागड्या पर्स, घड्याळं, दागिने हे मात्र काचेत असतात किंवा साखळीनं बांधलेले असतात, तिथे विचारून मागायचं. कोणी जवळ येऊन मदत करू का विचारलं तर हसून "जस्ट लुकिंग" म्हणायचं, विषय संपला, कोणाला राग येत नाही. तुम्ही काही घेता की नाही यावर कोणी तोंड वाकडं करत नाही. हॅरॉड्समध्ये तर रोज कितीतरी लोक निव्वळ पाहायलाच येतात, दारावर हिरव्या युनिफॉर्ममधले दरवान असतात, ते सगळ्यांना सारखंच दार उघडून देतात.

वार नीट निवडा. सेल इथे २६ डिसेंबरला बॉक्सिंग डेला सुरू होतो, सगळ्यात जास्त रेटारेटी तेव्हा असते. तुम्ही येईपर्यंत सेल चालू असेल पण जोर ओसरलेला असेल, साइझ मात्र मोडकेतोडके उरलेले असतात. तरी शनिवार टाळाच. रविवारचं एक लक्षात ठेवा, इंग्लंडमध्ये मोठ्या दुकानांना रविवारी जास्तीत जास्त सहा तासच विक्री करता येते, तसा कायदाच आहे, म्हणून सगळी गर्दी त्या सहा तासांत कोंबली जाते. मंगळवार-बुधवार सकाळी उघडल्या उघडल्या जा, पहिला दीड तास मजले रिकामे असतात आणि आईंना शांतपणे पाहता येईल.

हॅरॉड्स नाइट्सब्रिज स्टेशनजवळ आहे. बिल्डिंगच्या चारही बाजूंना चार वेगळे रस्ते आहेत, म्हणून एका दारानं आत गेलं आणि दुसऱ्यानं बाहेर आलं की माणूस पूर्ण गोंधळतो, समोर ओळखीचं काहीच दिसत नाही. तीनशेच्या वर डिपार्टमेंट आहेत, एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, तिथून तिसऱ्या, आणि प्रत्येक खोली सारखीच झगमगीत. दारांना नंबर आहेत. आत शिरतानाच नंबर पाठ करा आणि आईंना सांगून ठेवा की चुकामूक झाली तर याच दाराशी येऊन उभं राहायचं. "परफ्यूमच्या काउंटरजवळ भेटू" असं चुकूनही ठरवू नका, सासूबाई आणि मी असंच ठरवलं आणि दोघी दोन वेगळ्या परफ्यूमच्या काउंटरजवळ पाऊण तास उभ्या होतो.

अजून एक, जे कोणी सांगत नाही. जानेवारीत बाहेर हाडं गोठतात आणि दुकानात हीटर इतका असतो की दहा मिनिटांत घाम फुटतो. मग कोट, मफलर, टोपी, स्वेटर सगळं हातात. दोन तासांनी त्या ओझ्यानंच माणूस दमते, चालण्यानं नाही. आईंना आत पातळ कपडे घाला, वर एकच जाड कोट, आणि तो धरायचं काम तुमच्याकडे घ्या.

आधी लिफ्टनं सगळ्यात वर जायचं आणि सरकत्या जिन्यानं एकेक मजला खाली यायचं. वरून खाली येताना मजल्याचा आवाका दिसतो आणि गुडघ्यांनाही बरं. सरकत्या जिन्याची तर इथे जुनी गोष्ट आहे, १८९८ मध्ये हॅरॉड्समध्ये तो लागला तेव्हा इंग्लंडमधला तो पहिलाच होता, लोक इतके घाबरायचे की वर पोचलेल्यांना सावरायला ब्रँडी द्यायचे. आईंना सांगा, एस्कलेटरवर पाय ठेवताना भीती वाटली तर लाज वाटायचं कारण नाही, साहेबांची पण तीच गत होती.

टॅक्सचं, भावाला सांगा की ते बंद झालं. १ जानेवारी २०२१ पासून लंडनमध्ये पर्यटकांना दुकानातून व्हॅट परत भेटत नाही. पॅरिसमध्ये अजून आहे. म्हणून किंमत दिसते तीच तुमची किंमत धरा.

आणि खरं सांगू, आईंसाठी माझं मत विचाराल तर हॅरॉड्स एकदा डोळे भरून पाहा, पण अर्धा दिवस लिबर्टीला द्या. ऑक्सफर्ड सर्कस स्टेशनवरून चालत पाच मिनिटं. १८७५ मध्ये सुरू झालेलं दुकान, सुरुवातच पूर्वेकडचं रेशीम आणि कापड विकण्यापासून झाली. आत्ताची बिल्डिंग १९२४ ची, दोन जुन्या लढाऊ जहाजांचं लाकूड वापरून बांधलेली आहे, आणि त्यातल्या एका जहाजाचं नाव हिंदुस्तान होतं. आत मधोमध मोकळे चौक आणि भोवती लाकडी सज्जे, वाड्यासारखं वाटते. तिथे कापड मीटरवर भेटते, छापील सुती कापड, इतकं तलम की हातावर ठेवलं तर वजन कळत नाही. सुया, धागे, बटणं यांचा पण वेगळा विभाग आहे. माझ्या सासूबाई तिथून निघायलाच तयार नव्हत्या.

पुस्तकी_माणूस

ताई मनाला लावून घेऊ नका पण एवढा खर्च करून जाऊन दुकानं कशाला पाहायची असं मला प्रामाणिकपणे वाटते. हॅरॉड्सपासून दहा-पंधरा मिनिटं चाललं की व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम आहे, एंट्री फुकट, आणि कापड, भरतकाम, जुने पोशाख यांचा तिथला संग्रह जगात नावाजलेला आहे, भारतातलं कापडही भरपूर. शिलाई कळणाऱ्या बाईला तिथे जास्त आनंद होईल.

काउंटरवाली

पुस्तकी दादा, म्युझियममध्ये सगळं काचेच्या आत असते. काकूंना उलटं करून पाहायचं आहे.

मी सहा वर्षं नागपुरातल्या एका मोठ्या स्टोअरमध्ये लेडीज फ्लोअरवर होती, आता सोडलं. महालच्या ताईंच्या आईसोबत जे झालं ते वाचून वाईट वाटलं, आणि त्या पोरीच्या जागी मी असती तर काय केलं असतं हे पण मनात आलं, म्हणून दुसरी बाजू लिहिते. तिचं ओरडणं चूकच होतं, त्याबद्दल दुमत नाही.

लोकांना दिसते ते चकाचक. सकाळी शटर वर जायच्या आधी आम्ही दीड तास आलेलो असतो. प्रत्येक स्टँडवर साइझ लहानाकडून मोठ्याकडे, सगळ्या हँगरचे हूक एकाच दिशेला, घडीचे टॉप एकाच मापात यावे म्हणून आत पुठ्ठा ठेवून घडी घालायची आणि पुठ्ठा ओढून घ्यायचा. तेव्हा फ्लोअरवर कोणी नसते, दिवे नुकतेच लागलेले असतात, नवीन कपड्याचा तो कोरा वास असते, आणि खरं सांगते, सहा वर्षांत मला त्या पंधरा मिनिटांचा कंटाळा कधी आला नाही. आपण लावलेला मजला पाहून छान वाटायचं.

आणि मग दिवाळीच्या आधीचा रविवार. अकरा वाजता गर्दी आत येते आणि बारापर्यंत सकाळचं काही शिल्लक राहत नाही. एम साइझच्या हँगरवर एक्सएल, सलवार एका मजल्यावर आणि तिची ओढणी दुसऱ्या, लहान पोट्टे टांगलेल्या कपड्यांच्या गोलात लपून बसलेले आणि त्यांच्या आया नाव घेऊन ओरडत फिरत आहेत, ट्रायल रूमची लाइन जिन्यापर्यंत. एका वेळी तीन कपडे आणि हातात नंबरचा बिल्ला असा नियम, पण लोक पाच-पाच घेऊन भांडतात. ट्रायल रूममधून परत आलेला ढीग माझ्या खांद्याएवढा व्हायचा, तो उलटाचा सुलटा करून, बटणं लावून, ज्याच्या त्याच्या जागी न्यायचा, आणि तोपर्यंत नवीन ढीग तयार. बसायला परवानगी नाही. रात्री घरी गेल्यावर पाय बादलीत घालून बसायची.

माझ्या स्टोअरमध्ये माल कमी निघाला की फ्लोअरवरच्या मुलींच्या पगारातून कापायचे. कपड्याला लिपस्टिकचा डाग, उसवलेली शिवण, तुटलेलं बटण, सगळं आमच्यावर. म्हणून काही पोरी हात लावणाऱ्यावर डाफरतात. हे मी मॅनेजरला तोंडावर बोलली होती की कपडा पाहिल्याशिवाय कोणी विकत घेत नाही, पोरींना घाबरवून ठेवलं तर त्या गिऱ्हाइकाला हाकलणारच.

पण काकूंसारख्या बायका आम्हाला लांबूनच ओळखू यायच्या. जी बाई कपडा उलटा करून परत सुलटा करून वरचं बटण लावून हँगरला लावते तिच्याकडे आम्ही कधी गेलोच नाही, ती आमचंच काम हलकं करत असायची. अशाच एका काकूंनी मला दाखवलं होतं की कुर्त्याच्या बगलेची शिवण ताणून पाहायची, धाग्यामध्ये उजेड दिसला तर घेऊ नको. त्यानंतर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला तसं करून दाखवायची आणि माझी विक्री वाढली. तुमच्या आईला सांगा की नागपुरातली एक सेल्सगर्ल त्यांची माफी मागून राहिली.

हौन्स्लोची_वहिनी

काउंटरवाली ताई, पाय बादलीत हे वाचून डोळ्यात पाणी आलं. इथे ऑक्सफर्ड स्ट्रीटवर जॉन लुइस आहे, १८६४ मध्ये छोट्या कापडदुकानातून सुरू झालेलं. तिथे काम करणाऱ्यांना नोकर म्हणत नाहीत, पार्टनर म्हणतात, कारण कंपनी कर्मचाऱ्यांसाठीच्या ट्रस्टच्या मालकीची आहे आणि बोनस जाहीर होतो त्या वर्षी तो सगळ्यांना पगाराच्या सारख्याच टक्क्यानं भेटतो. महालच्या ताई, तिथे पण शिवणाचं सामान असते, जमलं तर चक्कर मारा.

मिलवाल्याचा_नातू

माझे आजोबा एम्प्रेस मिलमध्ये होते, विणाई खात्यात. जमशेदजी टाटांनी ती मिल १ जानेवारी १८७७ ला सुरू केली, त्याच दिवशी दिल्ली दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची एम्प्रेस म्हणून जाहीर केलं म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. आज त्या जागेवर मॉल आहे. नागपूरकरांना हे माहीत आहे पण नवीन पोरांना नाही, त्यांना वाटते एम्प्रेस हे मॉलचंच नाव.

मॉल झाल्यावर मी आजोबांना एकदा घेऊन गेलो होतो. मला भीती होती की त्यांना त्रास होईल, आयुष्य गेलं तिथे आता एसी आणि पॉपकॉर्न. ते शांतपणे आत आले, एका दुकानात शर्टांच्या रांगेजवळ थांबले, एका शर्टाची बाही अंगठा आणि बोटामध्ये घेऊन चोळली आणि मला म्हणाले, हे चाळीस नंबरचं सूत आहे. मग दुसरा शर्ट, हे साठचं, नंबर मोठा तितकं सूत बारीक. मग तिसरा. अर्धा तास आम्ही त्या एका रांगेत होतो. सेल्समन जवळ आला, तो पंचविशीचा पोरगा, त्यानं विचारलं बाबा तुम्हाला कसं कळते, आणि आजोबांनी त्याचा हात धरून त्याची बोटं कापडावर ठेवली. आमच्या मागे तोपर्यंत चार-पाच जण गोळा झाले होते. आजोबांना मी त्यांच्या खात्यात काम करताना कधी पाहिलं नाही, तेवढंच पाहिलं.

म्हणून ताई तुमच्या आईनं जे मागितलं ते मला पूर्ण पटलं. आणि हात लावण्याबद्दल म्हणाल तर मोठ्या दुकानांचा जन्मच त्यातून झाला आहे. त्याआधी युरोपातल्या दुकानात माल काउंटरच्या मागे राहायचा, आत पाय ठेवला की काहीतरी घेतलंच पाहिजे असा दबाव, आणि भाव माणूस पाहून सांगायचे. पॅरिसमध्ये बुसिको नावाचा माणूस १८५२ मध्ये बों मार्शे या दुकानात भागीदार झाला आणि त्यानं हे सगळं उलटं केलं, प्रत्येक वस्तूवर एकच छापील भाव, कोणीही आत या, फिरा, काही घेऊ नका, आणि नेलेलं आवडलं नाही तर परत आणा. हे आज आपल्याला साधं वाटते. पण विचार करा, गरीब बाईला सुद्धा तेव्हा पहिल्यांदा रेशमापर्यंत मोकळेपणानं जाता आलं, कोणी तिला दारात अडवलं नाही.

लंडनमध्ये सेल्फ्रिजनं १९०९ मध्ये ऑक्सफर्ड स्ट्रीटवर दुकान उघडलं तेव्हा तेच पुढे नेलं, माल बाहेर मांडला, हात लागेल असा. त्याच वर्षी ब्लेरियो या फ्रेंच वैमानिकानं विमानातून इंग्लिश खाडी ओलांडली तर ते विमान आणून दुकानात ठेवलं, लोक लाइन लावून पाहायला आले. १९२५ मध्ये बेअर्ड या संशोधकानं टेलिव्हिजन दाखवला तो पण याच दुकानात. तिकीट न काढता. त्यामुळे पुस्तकी दादांना सांगावंसं वाटते की मोठं दुकान पाहायला जाणं म्हणजे वाया घालवलेला दिवस नाही, लोक शंभर वर्षांपासून तिथे पाहायलाच जातात.

बर्डीच्या मेन रोडवर आपण भाव करतो त्यातली मजा वेगळी आणि ती मला सोडवत नाही. पण माझ्या आईला भाव करणं कधी जमलं नाही, तिला लाज वाटायची, ती म्हणायची एकदाची किंमत लिहून टाका म्हणजे मी सुटेन. अशा माणसांसाठी छापील भाव म्हणजे फार मोठी सोय आहे.

टोकियोतला_वऱ्हाडी

मिलवाले भाऊ, एक जोडतो. छापील भाव पॅरिसच्या बऱ्याच आधी जपानमध्ये होता. मित्सुकोशी म्हणून डिपार्टमेंट स्टोअर आहे, त्याचं मूळ १६७३ मधलं, एचिगोया नावाचं किमोनोच्या कापडाचं दुकान. तेव्हा कापडाचे व्यापारी माल घेऊन श्रीमंतांच्या घरी जायचे आणि उधारीवर विकायचे, यांनी सांगितलं दुकानात या, रोख द्या, भाव सगळ्यांना एक, आणि हवं तेवढंच कापड कापून देऊ. सोळाशे त्र्याहत्तर म्हणजे आपल्याकडे शिवराज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी.

इथे सकाळी दहाला दुकान उघडते तेव्हा आत पहिल्यांदा जाणाऱ्यांना सगळे कर्मचारी आपापल्या काउंटरसमोर उभे राहून वाकून नमस्कार करतात. माझी आई अमरावतीहून आली होती, तिनं प्रत्येकाला थांबून हात जोडून उलटा नमस्कार केला, आम्हाला लिफ्टपर्यंत पोचायला दहा मिनिटं लागली आणि त्या मुलींच्या चेहऱ्यावरचा आनंद मी विसरणार नाही. आणि तळघरात खाण्याचा बाजार असते, बंद व्हायच्या वेळी भाव उतरतात आणि मग तिथे जी झुंबड उडते ती कॉटन मार्केटला लाजवेल. पुढच्या वेळी काकूंना इकडे आणा.

महालची_लेक

सगळ्यांचे खूप आभार, इतकं मनापासून कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काउंटरवाली ताईंचं आईला मोठ्यानं वाचून दाखवलं, ती म्हणाली त्या पोरीला सांग मिठाच्या गरम पाण्यात पाय ठेव म्हणावं, साध्या नाही. आम्ही लिबर्टी धरून टाकलं. येऊन लिहिते.

महालची_लेक

परत आलो, मागच्या शुक्रवारी. सांगितल्याप्रमाणे लिहून राहिली.

बुधवारी सकाळी दहाला हॅरॉड्सच्या दारात होतो. दार नंबर आईनं हातावर पेनानं लिहून घेतला. वरून खाली आलो. खाण्याच्या दालनात आई टाइल्स पाहत उभी राहिली, वर शिकारीची, पक्ष्यांची चित्रं आहेत रंगवलेली, खाली चहाचे डबे, चीज, केक, आणि ती म्हणाली इथे भाजी घ्यायला आलं तर माणूस घरी कधी जाईल. आम्ही चहाचा एक छोटा डबा घेतला, हिरव्या-सोनेरी पिशवीत भेटला, पिशवी तिनं घडी करून पर्समध्ये ठेवली आणि डबा हातात धरला.

दुपारी दुसऱ्या एका दुकानात गेलो आणि तिथे गर्दी अशी झाली की लिफ्टमध्ये मी शिरली, आई बाहेर राहिली आणि दार बंद. मी पुढच्या मजल्यावर उतरून जिन्यानं धावत आली तर ती नाही. छातीत धस्स झालं. तिच्याकडे फोन नाही, इंग्रजी येत नाही. वहिनी, तुमचा दाराचा सल्ला इथे पण पाळला होता म्हणून वाचलो, मी खाली दाराशी पोचली तर ती आधीच तिथे कोट घालून, बटणं लावून उभी होती. मला म्हणाली, तू घाबरली का ग?

आणि ज्यासाठी गेलो ते. कोटांच्या मजल्यावर तिनं पुरुषांचा एक काळा लोकरी कोट उलटा केला. मी श्वास रोखून पाहत होती. एक वयस्कर सेल्समन आला, टाय वगैरे लावलेला, तिच्या बोटांकडे पाहिलं, आणि मला विचारलं की या शिवतात का. मी म्हटलं ३८ वर्षं. तो गेला आणि दुसरा कोट घेऊन आला, त्याचं आतलं अस्तर बाजूला करून त्यानं तिला कॉलरच्या आतले टाके दाखवले, हातानं घातलेले, बारीक, तिरपे. मग काज दाखवलं. आईनं नख फिरवलं आणि मराठीत म्हणाली, हाताचं आहे. त्याला ते कसं समजलं कोण जाणे पण त्यानं मान हलवली. दोघं पाच-सात मिनिटं त्या कोटावर वाकून होते, तो इंग्रजीत बोलून राहिला, ती मराठीत, आणि मला मध्ये बोलायची गरज पडली नाही. जाताना त्यानं तिच्याशी हात मिळवला. ती रस्त्यावर आल्यावर म्हणाली, पाठीच्या मधल्या शिवणीत दोन बोटं माया सोडली आहे, पोराचा बाप झाला तरी कोट ढिला करता येईल.

गुरुवारी लिबर्टी. वहिनी, वाड्यासारखं म्हणालात ते अगदी खरं, लाकडी जिना चढताना तिनं कठड्यावरून हात फिरवला आणि मी तिला जहाजाचं सांगितलं. कापडाच्या विभागात तिनं पाऊण तास काढला. किंमत ऐकून ती गप्प झाली, मला बाजूला घेऊन म्हणाली एवढ्यात आपल्याकडे सहा ब्लाउज होतील. मी ऐकलं नाही. एक मीटर घेतलं, निळसर, त्यावर बारीक जांभळी फुलं. दुकानातल्या मुलीनं कापताना कात्री थांबवली नाही, एका दमात सरळ कापलं, आईला ते फार आवडलं.

काल तिनं ते टेबलवर पसरलं. चष्मा लावून, खडूनं आखून, मला कापूही दिलं नाही. स्वतःसाठी ब्लाउज शिवायचं ठरलं होतं. बाजूच्या शिवणीत तिनं नेहमीपेक्षा दुप्पट माया ठेवली. मी विचारलं एवढी कशाला, तर मान वर न करता म्हणाली, तुला मोठा लागते.

काउंटरवाली

ताई, मिठाच्या पाण्याचं करून पाहिलं, खरंच उतार पडला, काकूंना सांगा. गळा कोणता केला?

महालची_लेक

बोटनेक. मागून बटणं, कापडाचीच मढवलेली. काजं ती आज रात्री हातानं करणार आहे.